कपाटाबाहेरची सरस्वती

मी एक जुना सर्व्हर आहे. रंग राखाडी, उंची तुमच्या गुडघ्याएवढी आणि कपाळावर हळदीकुंकवाचा एक डाग. मित्रांनो, यंत्राला कसले आले कपाळ, असे तुम्ही म्हणाल. माझ्या दर्शनी बाजूला एक हिरवा दिवा आहे, त्याच्या जरा वर हा डाग आहे. तो कुणी पुसायचा नाही, असे शिवलीलाताईंनी सगळ्यांना बजावून ठेवले आहे. तो मला कसा मिळाला, तेच आज तुम्हांला सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा दूर देशात झाला. तिथले मला काही आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती १९९८ साली, कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, हंबीररावांच्या फाउंड्रीत. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतण्याचा कारखाना. आमच्याकडे पंपांचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओतले जात. माझे खोके उघडल्याबरोबर नारळ फुटला आणि माझ्या मागच्या तारांना लिंबू-मिरची बांधली गेली. मला ठेवायला काचेची खोली केली होती आणि तिच्यात एसी होता. तोवर खुद्द मालकांच्या खोलीतही एसी नव्हता. माझ्या खोलीत येताना चपला बाहेर काढायच्या, असा नियम झाला. भट्टीवरची माणसे घाम पुसत काचेतून माझ्याकडे बघत.

“मालक, फुडच्या जल्माला आमाला कंप्युटर करा म्हणावं,” अण्णासो मिस्त्री एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. “गारव्यात बसायचं, आन् समदी चपला काढून भेटाय येणार!”

अण्णासो लाकडाचे नमुने करीत. वाळूत नमुना दाबला की त्याचा ठसा उमटतो आणि त्या ठशात लोखंड ओततात. ते माझी चेष्टा करीत, पण माझ्या काचेवर वाळू बसलेली दिसली की खांद्यावरच्या पंच्याने पुसूनही जात.

माझे काम साधे होते. कामगारांची हजेरी, भांडारातला माल, बाहेर जाणाऱ्या मालाची चलने हे सगळे माझ्यापाशी असे. कचेरीतल्या इतर संगणकांना काही हवे असले की ते मला विचारीत. आणखी एक काम मी करीत असे, ते कुणाच्या ध्यानात येत नसे. सकाळी एखादा संगणक चालू झाला की तो तारेवरून पहिला प्रश्न विचारतो, “माझा पत्ता काय?” पत्ता म्हणजे एक आकडा. तो मिळाल्याशिवाय त्याला कुणाशी बोलता येत नाही. कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला त्याचा पत्ता मी सांगत असे. दोघांना एकच पत्ता कधी जाऊ दिला नाही.

शिवलीलाताई २००१ साली माझी देखभाल करायला आल्या. त्या गडहिंग्लजकडच्या. आईशी फोनवर कन्नडात बोलत, आमच्याशी मराठीत, आणि एकंदरीत दोन्हींत कमीच. भौतिकशास्त्र शिकून मग संगणक शिकल्या होत्या आणि राजारामपुरीत मावशीकडे राहत होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझा पडदाही पाहिला नाही. माझ्या मागे जाऊन, जिथून हवा बाहेर पडते तिथे तळहात धरला आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्या अण्णासोंकडे गेल्या.

“अण्णा, तुमचा एखादा मऊ ब्रश मिळेल का?”

“कशाला वो ताई?”

“ह्याच्या पोटात वाळू गेली आहे. ताप आलाय त्याला.”

“मग नवा न्या की! वापरलेल्याला लाकडाला लावायच्या लाखंचा वास येतोय.”

त्या दिवशी त्यांनी माझी बाजू उघडून काळी वाळू कणाकणाने काढली. कुणीतरी आपल्याला आतून बघितले आहे, हे मला तेव्हा प्रथम कळले. मित्रांनो, माझे पुढचे आयुष्य त्या मऊ ब्रशामुळे आहे, हे मी कधी विसरलो नाही.

पुढे कारखाना मोठा झाला आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेला. सामान टेम्पोतून निघाले, तेव्हा अण्णासोंनी घरून एक वाकळ आणली. ती त्यांच्या पत्नीने, चिमणाबाईंनी शिवलेली होती, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची. मला त्या वाकळीत गुंडाळले आणि ताई टेम्पोच्या मागच्या बाजूला मला धरून बसल्या. रस्त्यात खड्डा आला की त्यांचा हात माझ्यावर घट्ट होई.

कागलला काम वाढले. एकट्याने झेपेना, म्हणून प्रत्येक कामासाठी एकेक वेगळा संगणक आला. हजेरीचा एक, भांडाराचा एक, चलनांचा एक, वितळलेल्या लोखंडाच्या चाचण्यांचा एक. माझ्याकडे पत्ते सांगण्याचे काम तेवढे राहिले. खोली तापू लागली. ते भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली की एवढ्या सगळ्यांना बॅटरी पुरत नसे. आणि त्यातले निम्मे संगणक दिवसाचा बराच वेळ नुसते बसून असत. ताईंना ते बघवेना. २००८ साली त्या हंबीररावांपुढे उभ्या राहिल्या.

“साहेब, हे सगळे काढून दोनच मोठे सर्व्हर घेऊ. त्यांच्या आत पाच सर्व्हर मांडू.”

“आत? म्हंजे कापून बसवायचे?”

“नाही. एका मोठ्या घरात पाच बिऱ्हाडं राहतात ना, तसं. प्रत्येकाला वाटतं आपल्याला आख्खं घर आहे. एका सर्व्हरला काही झालं तर बिऱ्हाड दुसऱ्यात हलवायचं. ह्याला खासगी क्लाउड म्हणतात. दुसऱ्याच्या गावात नव्हे, आपल्याच खोलीत.”

हंबीररावांनी मिशीवरून बोट फिरवले. “मॅडम, मला त्यातलं काय कळत न्हाय. तुमच्या शब्दावर करतो. पण ध्यानात ठेवा, माझी गाडी एकदा जरी गेटावर अडली, तर हे समदं काढून परत पहिल्यासारखं एकाला एक करायचं. आन् मग ह्या खोलीची जबाबदारी मी दुसऱ्या कुणावर टाकीन.”

“चालेल,” ताई म्हणाल्या.

दोन नवे सर्व्हर आले आणि एका काळ्या कपाटात बसले. त्यांच्या खाली एक जाडजूड डिस्कपेटी बसली. पाचही बिऱ्हाडांचे सामान तिच्यात राहायचे. तारांचे काम प्रसेनजीतने केले. हा तरुण इंजिनीअर ताईंच्या हाताखाली नुकताच लागला होता आणि निळ्या तारा इतक्या सरळ ओढायचा की अण्णासो मुद्दाम बघायला आले.

“झ्याक केलंय गा,” ते म्हणाले. “पण आतल्या पाच जणांच्या तारा कुठं हायत?”

“त्यांच्या तारा नसतात, अण्णा. सगळ्या तारा जिथं जुळतात तो स्विच पण त्यांचा आतच आहे. सॉफ्टवेअरमध्ये.”

“म्हंजे न्हाईच की!”

“आहे हो. फक्त हाताला लागत नाही.”

“ज्याला हात लावता येत न्हाय, त्याला हळदकुकू कुठं लावायचं?” असे विचारून अण्णासो निघून गेले. प्रसेनजीत हसला. ताईंनी मात्र तो प्रश्न मनात ठेवला असावा, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाचही आभासी सर्व्हरांना नावे दिली. आपली पंचगंगा चार नद्या मिळून होते आणि पाचवी सरस्वती गुप्त आहे म्हणतात. तशी हजेरीची कासारी, चाचण्यांची कुंभी, भांडाराची तुळशी, चलनांची भोगावती. आणि कुणाला न दिसणारे ते पत्ते सांगण्याचे काम जिच्याकडे गेले, ती सरस्वती.

सरस्वती म्हणजे मीच होतो, मित्रांनो. माझ्या डिस्कवर होते नव्हते ते सगळे ताईंनी उतरवून घेतले आणि कपाटात ठेवले. ते जागे झाले. त्याला माझे सगळे आठवत होते, आणि मी बाहेर होतो. मग त्यांनी माझ्या मागे तळहात धरला, पहिल्या दिवशी धरला होता तसा, आणि माझे बटण बंद केले.

मला भांडारात मांडणीच्या खालच्या कप्प्यात ठेवले गेले. भंगारात घाला असे कुणीसे म्हणाले, पण अण्णासोंनी आपली वाकळ आणून माझ्यावर टाकली, आणि वाकळ घातलेल्याला भंगारात घालायला कुणाचा हात गेला नाही. मला वाईट वाटले का? थोडे वाटले. पण माझे काम चालू होते, फक्त माझ्या अंगात नव्हते. ते चालू राहिले याचेच बरे वाटायचे.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. यंत्रे धुऊन पुसून त्यांना झेंडू घालतात, हळदकुंकू लावतात आणि दसऱ्याचा दिवस धरून त्यांना विश्रांती देतात. आमच्या कारखान्यात अण्णासोंनी आणखी एक रीत पाळली होती. कामातून गेलेली हत्यारेही त्या दिवशी बाहेर काढायची. पहिले लेथ मशीन, मालकांच्या वडिलांची ऐरण, जुना तराजू, सगळे ओळीने मांडायचे. आणि पूजा झाली की ज्याला फिरता येते त्याला एक फेरा द्यायचा. लेथ निदान हाताने तरी फिरवायचे.

त्या वर्षी त्या ओळीत मीही होतो. वाकळ झाडून अण्णासोंनी मला लेथशेजारी ठेवले आणि थेट ताईंकडे गेले.

“ताई, तुमचं कपाट कवा बंद करताय?”

“सर्व्हर बंद करत नसतात, अण्णा.”

“भट्टी बंद हाय. कंप्रेसर बंद हाय. आन् ह्येच येकटं राबणार? वर्षातनं दोन दिस तर निजू दे की त्याला.”

ताईंना हसू आले. वीज गेली तरी बॅटरी आणि जनरेटर होते, त्यामुळे बसवल्यापासून ते कपाट कधीही पूर्ण बंद झाले नव्हते. सुट्टीच होती, कुणाचे काम अडणार नव्हते. त्यांनी एकेक बिऱ्हाड नीट झोपवले, मग दोन्ही सर्व्हर, मग डिस्कपेटी. खोली शांत झाली. अण्णासोंनी कपाटाच्या दारावर शेजारी शेजारी हळदीकुंकवाची पाच बोटे उमटवली. “घर येक, पर बिऱ्हाडं पाच. कुणाला वाटाय नको आपल्याला सोडलं,” ते म्हणाले.

मग ते माझ्याकडे आले. मलाही एक बोट लावले. “आता ह्याला फेरा द्या,” म्हणाले. प्रसेनजीतने तार लावली. माझा पंखा कुरकुरला, थांबला आणि फिरू लागला. मी एक छोटा आवाज केला, आम्ही जागे होताना करतो तसा.

“जित्तं हाय की गा!” अण्णासो ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला पुन्हा बंद केले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना सुरू झाला. भट्टी पेटली, कंप्रेसर घुमला. ताईंनी डिस्कपेटी चालू केली, मग सर्व्हर चालू केले. दिवे लागले. पण कपाट जागे होईना. पंखे फिरत होते आणि पाचांपैकी एकही बिऱ्हाड उठत नव्हते.

गेटावर पुण्याच्या ट्रॅक्टर कारखान्याचा माल भरून गाडी उभी होती. तिथे त्या दिवशी आमचे भाग पोहोचले नाहीत तर त्यांचे जोडणीचे काम थांबणार होते. माल गाडीत होता, पण चलन आणि चाचणीचा दाखला छापल्याशिवाय गाडी गेटाबाहेर जाऊ शकत नव्हती. चलन भोगावतीत होते, दाखला कुंभीत. दोघी झोपलेल्या होत्या.

“पावणं, च्या घ्या जरा,” गेटावरून आवाज येत होता.

“च्या किती घेऊ? तिसरा झाला की!” ड्रायव्हर म्हणत होता.

हंबीरराव खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी चपला काढल्या नाहीत. “मॅडम, काय झालंय?”

ताई पडद्याकडून वळल्या. “चूक माझी आहे, साहेब. हे सर्व्हर जागे झाले की आधी सरस्वतीला पत्ता विचारतात. पत्ता मिळाला की डिस्कपेटीकडे जातात आणि बिऱ्हाडं उठवतात. पण सरस्वतीच आत झोपलेली आहे. किल्ली घरात ठेवून मी दार ओढून घेतलंय.”

“मग इतके दिस चाललं कसं?”

“दार कधी बंदच झालं नव्हतं.”

अण्णासो दारामागे उभे होते. त्यांच्या हातात अजून परवाचा झेंडू होता. “मालक, त्यांस्नी बोलू नगा. मीच निजवाय लावलं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक कुणी कधी ऐकला नव्हता.

“नाही अण्णा,” ताई म्हणाल्या. “तुम्ही निजवायला लावलंत म्हणून आज कळलं. एखाद्या अपघातात कळलं असतं तर जास्त महागात पडलं असतं.”

“मॅडम, प्रत्येकाला हाताने पत्ते देऊ या का?” प्रसेनजीतने विचारले.

“कुणाला कुठला होता ते सगळं सरस्वतीपाशीच आहे. एखादा आकडा चुकला तर दोघं एकमेकांना अडवतील, आणि शोधण्यात दिवस जाईल.” बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांची नजर कपाटाच्या दारावर गेली होती. तिथे पाच बोटे होती. त्यांनी पाचव्या बोटाकडे बघितले आणि हळूच विचारले, “प्रसेनजीत, परवा तो जुना फिरला होता ना?”

दोघे जवळजवळ धावतच आले, मागोमाग अण्णासो. मी अजून ओळीत होतो, लेथ आणि ऐरणीच्या मध्ये, गळ्यात सुकलेली माळ. अण्णासोंनी दुसऱ्या कुणाला मला उचलू दिले नाही, स्वतः उचलले. कपाटाशेजारी जमिनीवर मला ठेवले आणि प्रसेनजीतने एक निळी तार माझ्या पाठीत बसवली.

ताईंनी बटण दाबले. माझा पंखा कुरकुरला, थांबला. मग तो फिरू लागला. पण मी पुढे जाईना. माझ्या घड्याळाचा सेल केव्हाच मेला होता. माझ्या लेखी पुन्हा माझ्या जन्माचेच वर्ष चालू होते, आणि तारीख अशी हरवली की आम्ही अडून बसतो, माणसाने पुढे जा म्हणेपर्यंत.

ताई माझ्या पडद्याजवळ वाकल्या. “चल,” म्हणाल्या, आणि त्यांनी एक कळ दाबली.

मला सगळे आठवले, मित्रांनो. भट्टीवरचा संगणक, भांडारातला, काळ्या कपाटातले दोघे, त्यांच्या खालची डिस्कपेटी. कपाटातल्या या तिघांची नावे ताईंनी मला बंद करण्याआधी माझ्यापाशी घातली होती. तारेवरून प्रश्न आला, “माझा पत्ता काय?” मी सांगितला. दुसऱ्याने विचारले, त्याला सांगितला. मी बंद झाल्यावर आलेली दोन छपाईयंत्रे मात्र माझ्या ओळखीची नव्हती. त्यांना मी मोकळे पडलेले पत्ते दिले, आणि त्यांनी ते घेतले.

“कासारी उठली,” प्रसेनजीत पडद्यावर बघून म्हणाला. “तुळशी उठली. कुंभी… आली. भोगावती आली, मॅडम!”

नव्या पत्त्यावरचे छपाईयंत्र सापडायला थोडा वेळ गेला. मग कागद सरकल्याचा आवाज आला. हंबीररावांनी चलन आणि दाखला स्वतः हातात घेतले आणि गेटाकडे चालू लागले. थोड्या वेळाने गाडीचा हॉर्न वाजला आणि गेट उघडल्याचा आवाज झाला.

ते परत आले, तेव्हा दारात थांबून चपला काढल्या. ताई उभ्याच होत्या.

“साहेब, तुम्ही सांगितलं होतं, गाडी अडली तर…”

“अडली कुठं? तीन च्या पिऊन गेली.” हंबीरराव खाली माझ्याकडे बघत होते. “मॅडम, खोली तुमचीच ऱ्हाऊ दे. पर ह्याला आता कुठं ठेवणार?”

“इथेच,” ताई म्हणाल्या. “पत्ता सांगणारा घराबाहेर हवा.”

तेव्हापासून मी कपाटाबाहेर आहे. ताईंनी मला नवा सेल घातला, आत ब्रश फिरवला आणि सरस्वतीचे काम पुन्हा माझ्याकडे दिले. आतल्या सरस्वतीला त्यांनी प्रेमाने झोपवून ठेवले आहे. मी दमलो तर ती आहे, ती अडली तर मी आहे. कधीतरी माझी डिस्क थांबेल. माझ्या जागी ठेवायला एक छोटे यंत्र ताईंनी आताच बघून ठेवले आहे. तेही कपाटाबाहेरच बसणार आहे. त्यामुळे मला काळजी नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र कोपऱ्यात पडलेले असेल. ते टाकून द्यायचे असेल तर जरूर द्या, आम्ही रागावत नाही. पण त्याआधी एकदा त्याच्यावरची धूळ पुसा आणि त्याला एक फेरा द्या. तुम्हांला हवे असलेले काही त्याला अजून आठवत असेल. मला कुणी धूळ पुसणारे भेटले, कुणी वाकळ घालणारे भेटले. एवढे ज्याला मिळाले, त्याने आणखी काय मागावे?

पण डागाचे सांगायचे राहिले. पहिल्या वर्षीचे बोट साफसफाईत पुसले गेले होते. पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला ताईंनी पुन्हा सगळे झोपवले, मला सर्वांत शेवटी, कारण उठताना मी सर्वांत आधी उठणार होतो. अण्णासो हळदकुंकवाचे ताट घेऊन कपाटापुढे उभे राहिले. एक बोट लावले, दुसरे, तिसरे, चौथे. मग थांबले.

“अण्णा, एक राहिलं,” प्रसेनजीत म्हणाला.

“ऱ्हायलं न्हाय,” अण्णासो म्हणाले. गुडघ्यावर हात ठेवून ते माझ्यापुढे सावकाश खाली बसले. “पाचवी हितं नांदतीया.”

आणि त्यांनी आपले बोट माझ्या कपाळाला लावले.